दार ठेवायचं कुठे?

छोट्या नाटकाचं नेपथ्य कोण ठरवतं? लेखक नाही, दिग्दर्शक नाही, आणि जाहिरातीत ‘नेपथ्य’ या शब्दापुढे जिचं नाव छापतात ती मीही नाही. ते छोटा हत्ती ठरवतो. या टेम्पोचा हौदा सातेक फूट लांब. प्लायची शीट बाजारात मिळते आठ बाय चारची. म्हणजे आठ फुटी फ्लॅट, म्हणजे सेटची उभी भिंत, टाकला की तो फाळक्याबाहेर फूटभर लोंबणार, त्याला लाल फडकं बांधायचं, आणि सायनच्या सिग्नलला हवालदार उभा असला तर त्याच्याशी दोन शब्द गोडीने बोलायचे. म्हणून मी फ्लॅट सात फुटांचेच करते. सात फुटी भिंतीत दार बसतं सहा-सव्वासहा फुटांचं. आमचा नायक उंच होता, तो त्या दारातून येताना आपोआप मान झुकवायचा. एका स्पर्धेत परीक्षकांनी त्यावर खास शेरा लिहिला, की दाराच्या कमी उंचीतून नायकाची घुसमट नेमकी सूचित होते. नेपथ्याचं दुसरं पारितोषिक मिळालं. मी घेतलं.

हा किस्सा मी बरीच वर्षं हसत सांगत आले. हल्ली सांगताना हसू जरा कमी येतं.

मुंबईच्या प्रायोगिक नाटकात ‘सूचक नेपथ्य’ हा कौतुकाचा शब्द आहे. दोन खोकी, एक खुर्ची, वरून दोरीने टांगलेली खिडकीची चौकट, की झालं घर. मला असे सेट आवडतात, मी कितीतरी केलेत. पण त्यातले निम्मे तरी मी सौंदर्याचा विचार करून केलेले नाहीत. प्रयोगानंतर दार ठेवायला जागा नव्हती म्हणून दार गेलं. जिना टेम्पोत आडवा बसेना म्हणून माळा गेला. कपाट उचलायला चार माणसं लागत, तालमीला तीनच यायची, म्हणून कपाट गेलं. जे उरलं त्याला आम्ही सूचकता म्हटलं. ज्याला दहा वस्तू ठेवता आल्या असत्या आणि त्याने दोनच ठेवल्या, त्याचा रंगमंच वेगळा दिसतो. ज्याच्याकडे दोनच होत्या त्याचा वेगळा. प्रेक्षकाला शब्दांत सांगता येत नसेल, पण कळतं.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे: या शहराने छोट्या नाटकांसाठी एक सामायिक गोदाम आणि त्याला लागून सुतारकामाची, रंगकामाची एक शेड उभी करावी. महापालिकेने करावी किंवा राज्याच्या सांस्कृतिक खात्याने, माझा आग्रह नाही. पण नव्या अनुदान योजनेच्या आधी आणि आणखी एका नाट्यगृहाच्या भूमिपूजनाच्या आधी करावी.

हे कुठेही बोललं की एक ज्येष्ठ रंगकर्मी हमखास उठतात. “ताई, आम्ही दोन खुर्च्यांवर नाटकं केली. नाटक संहितेत असतं आणि नटात असतं, फ्लॅटात नसतं.” बरोबर आहे. त्यांच्या बाजूने पुरावा मीच देते. नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या, म्हणजे वेशभूषा आणि रंगमंचावरच्या वस्तूंच्या, प्रकरणात हेच सांगितलंय, की रंगमंचावरच्या वस्तू खऱ्या आणि जड नकोत. बांबू, कापड, लाख, अभ्रक असं वापरून हलक्या घडवा, नाहीतर नट दमतील. कोकणातल्या दशावतारात एक बाक पुरतो. तोच सिंहासन, तोच पलंग, वेळ पडली तर तोच डोंगर. आणि पुण्यात १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’मध्ये ओळीने उभ्या राहिलेल्या माणसांचाच पडदा झाला, तेव्हा लाकडाची एक पट्टीही लागली नव्हती.

पण ही निवड होती. दशावतारी मंडळी गावोगाव चालत जात, पेटारा डोक्यावर. त्यांची कला त्या चालण्यातून घडलेली. आणि ज्या छबिलदासचं नाव हे ज्येष्ठ कातर आवाजात घेतात, त्या दादरच्या शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने नाटकं केली ती बहुतेक एकाच छताखाली. तोच जिना, तीच उंची, तोच खांब. नेपथ्य त्या जागेला बघून घडत होतं. खुर्च्या कशा मांडायच्या, प्रेक्षक कुठे बसवायचा, हाही नेपथ्याचाच भाग होता. पुढे आविष्कारने माहीमच्या पालिका शाळेत बस्तान हलवलं, तिथेही पुन्हा एक जागा होती. आज माझं नाटक गुरुवारी वर्सोव्याच्या साठ-सत्तर खुर्च्यांच्या खोलीत असतं, महिन्याने माटुंग्याच्या सभागृहात आणि नंतर कधीतरी पालिकेच्या भल्यामोठ्या नाट्यगृहात, जिथे विंगेपासून मध्यापर्यंत चालत जायलाच नटाची दोन वाक्यं खर्च होतात. एकच सेट तिन्हीकडे न्यायचा. दोन खुर्च्यांवर नाटक करणाऱ्यांना त्या दोन खुर्च्या रात्री घरी न्याव्या लागत नव्हत्या, एवढंच माझं उत्तर.

मागे वळून बघायचंच असेल तर थोडं आणखी मागे जाऊ. संगीत नाटकांच्या काळात कंपनीच्या बिऱ्हाडात ठरलेले पडदे असत: रस्त्याचा, जंगलाचा, महालाचा, दरबाराचा. नाटक बदललं तरी जंगल तेच. बाबूराव पेंटरांसारखा माणूस सिनेमाकडे वळण्याआधी असेच नाटकांचे पडदे रंगवत होता. सामायिक नेपथ्य ही कल्पना परदेशातून आणायची गरज नाही, आपली रंगभूमी त्याच्यावरच मोठी झाली. मग १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं आणि रंगवलेल्या पडद्याच्या जागी खरीखुरी वाटणारी खोली आली. मराठी नाटकाच्या इतिहासात त्याचं वर्णन वास्तववादाचं आगमन असं करतात, आणि ते योग्यच आहे. मला बॅकस्टेजच्या बाजूने त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पडदा बांबूला गुंडाळता येत होता. भिंत गुंडाळता येत नाही. त्या दिवसापासून मराठी नाटकाला गोदाम लागायला लागलं.

व्यावसायिक नाटकाने ते आपल्या पैशाने सोडवलं. निर्मात्याची गाडी असते, गोदाम असतं, ठरलेले कामगार असतात. निर्माते मोहन वाघांच्या ‘चंद्रलेखा’ या नाट्यसंस्थेचे सेट बघायला लोक तिकीट काढून जायचे, तो थाट त्या व्यवस्थेवर उभा होता. छोट्या नाटकाने ते सोडवलंच नाही. त्याने ते मित्रांच्या घरात ढकललं.

आमच्या गेल्या काही नाटकांचा पत्ता सांगते. एका नाटकाच्या लेव्हल्स, म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे, नटाच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, निळ्या ताडपत्रीखाली. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला आणि त्यांचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, पावासारखा फुगला. दुसऱ्या नाटकाचे मांजरपाट ताणलेले फ्लॅट एका चाळीच्या जिन्याखाली. त्यावर बुरशी आली ती इतकी सुंदर होती की दिग्दर्शक म्हणाला राहू दे, भिंतीला ओल आलेलीच हवी होती. तिसऱ्या नाटकाचं सगळं सामान लालबागमधल्या एका मित्राच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर. प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तूंच्या, पेट्या माझ्या पलंगाखाली. माझ्या सासूबाईंना रात्री पाणी प्यायला उठल्यावर पायाला लागलेली वस्तू म्हणजे नकली पिस्तूल असू शकतं, याची आता सवय झाली आहे.

नेपथ्य करणं म्हणजे नेमकं काय करणं, हे नाटकाच्या बाहेरच्या वाचकाला सांगितल्याशिवाय गोदामाचा मुद्दा कोरडा वाटेल. म्हणून एकच उदाहरण. गिरणगावातल्या खोलीचं नाटक होतं, १९८२च्या जानेवारीतलं, म्हणजे गिरणी संप १८ तारखेला सुरू झाला त्या आठवड्यातलं. खोली दहा बाय बारा. ती तशीच मांडली तर पाच पात्रं एकमेकांच्या पायावर पाय देतील. म्हणून रुंदी सोळा फुटांवर नेली आणि खोली लहान वाटावी म्हणून सामान मुद्दाम मोठं घेतलं. मोरी उजवीकडे, कारण आईचं सगळं बोलणं मोरीतून पाठमोरं व्हायचं होतं आणि तिचा चेहरा फक्त दोनदा दिसायला हवा होता. भांड्यांची मांडणी समोर. तिच्यावरचे डबे उतरत्या क्रमाने, वाट्या ओळीने, आणि शेवटच्या अंकात त्यातले तीन डबे कमी. ते विकले गेले हे कुणी बोलत नाही. प्रेक्षकांत कुणीतरी कुजबुजायचं, “डबे बघ.” संहितेत ते वाक्य नव्हतं.

कॅलेंडर १९८२चं हवं होतं. वार बघता बघता लक्षात आलं की १९८२ आणि २०२१ या दोन्ही वर्षांची सुरुवात शुक्रवारी झाली होती, तारखा-वार तंतोतंत जुळतात. रद्दीतून २०२१चं कॅलेंडर काढलं, वरचा आकडा बदलला, चहाच्या पाण्याने कागद पिवळा केला. प्रयोगानंतर पहिल्या रांगेतले एक आजोबा येऊन म्हणाले, “बाई, तिथ्या चुकल्यात.” त्यांना त्या कशा दिसल्या देव जाणे, पण साठ खुर्च्यांच्या खोलीत पहिली रांग रंगमंचापासून हातभरच असते, आणि छोट्या नाटकाची प्रॉपर्टी मोठ्या नाटकापेक्षा जास्त खरी लागते ती याच कारणाने. हजार प्रेक्षकांच्या नाट्यगृहात पुठ्ठ्याचा रेडिओ खपतो. इथे खपत नाही. रिकामी बॅग उचलली की ती रिकामी आहे हे नटाच्या खांद्यावरून कळतं, म्हणून आम्ही तिच्यात जुनी वर्तमानपत्रं कोंबतो, आणि पहिल्या तालमीपासून कोंबतो. हातातली वस्तू नटाला शेवटच्या दिवशी दिली तर ती शेवटपर्यंत परकी राहते.

पंपाचा पितळी स्टोव्ह चोर बाजारात सापडला. दुकानदाराने जी किंमत सांगितली ती ऐकून मी हसले. तो म्हणाला, वेब सिरीजवाले एवढेच देतात. नाटकासाठी हवाय म्हटल्यावर त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि अनामत ठेवून महिनाभर नेऊ दिला, भाडं नावापुरतं. त्या भल्या माणसाने जे एका स्टोव्हचं केलं, तेच शहराने सगळ्या वस्तूंचं करावं, इतकी माझी मागणी साधी आहे.

आणि मांडणी? ती पुनर्विकासात निघालेल्या एका चाळीतून आली. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण या गोष्टीकडे कुणाचं लक्ष नाही. १९२०च्या दशकातल्या बीडीडी चाळी उतरत आहेत, गिरगाव-परळच्या खासगी चाळी उतरत आहेत. त्यांच्याबरोबर सागवानी चौकटी, दुपाखी दारं, लोखंडी कड्या-कोयंडे, गजांच्या खिडक्या, शहाबादी फरशा, पितळी नळ, भिंतीतली कोनाड्याची फळकुटं हे सगळं निघतंय. चांगलं लाकूड जोगेश्वरीच्या फर्निचर बाजारात जातं आणि तिथून एखाद्या कॅफेची सजावट होतं. बाकीचं भंगारात. पुढची पन्नास वर्षं मराठी लेखक चाळीवर नाटकं लिहिणार, यात मला शंका नाही. आपल्याला त्याची खोडच आहे. तेव्हाचा नेपथ्यकार चाळीचं दार फोटो बघून थर्माकोलचं करणार का? विकासकाला एक अट घालता येईल: पाडकामात निघालेल्या दारं-खिडक्यांतला एक छोटा वाटा शहराच्या नेपथ्य-गोदामाला द्यावा. त्याच्या एकूण हिशेबात ती रक्कम दिसणारही नाही.

थर्माकोलचं करणार का, हेही खरं तर म्हणायला नको, कारण २०१८ मध्ये राज्याने प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी घातली. गणपतीच्या मखरांवर तिचा परिणाम झाला. कागदाची, कापडाची, बांबूची मखरं आली, कारागीर तयार झाले, बाजारही तयार झाला. नाटकाच्या सेटवर काय झालं? थर्माकोलच्या जागी एमडीएफ आला, सनबोर्ड आला, फ्लेक्स आला. म्हणजे एक न कुजणारी वस्तू गेली आणि सनबोर्ड-फ्लेक्ससारख्या दुसऱ्या न कुजणाऱ्या वस्तू आल्या, आणि वर एमडीएफ कापताना उडणारा भुसा नाका-तोंडात घेणारी पोरं एकोणीस-वीस वर्षांची.

ही पोरं एकांकिका स्पर्धांची. मुंबईच्या कॉलेजांत पावसाळा लागला की स्पर्धांचा मोसम सुरू होतो आणि पार सव्वीस जानेवारीच्या आदल्या रात्रभर रंगणाऱ्या ‘सवाई’पर्यंत चालतो. या मोसमात किती प्लाय, किती पट्ट्या, किती खिळे लागतात याचा हिशेब कुणी ठेवत नाही. माझ्या डोळ्यांसमोर एवढंच आहे: पहिल्या फेरीत बाद झालेल्या सेटचं आयुष्य चाळीस मिनिटं. तीन आठवडे जागून केलेला सेट, चाळीस मिनिटांचा प्रयोग, निकाल, आणि मग रात्री साडेबाराला नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी वॉचमन काका म्हणतात, “पोरांनो, उचला, सकाळी साडेदहाचा प्रयोग आहे.” कॉलेजचं गेट बंद. टेम्पोवाला वेटिंगचे पैसे मागतोय. मग कुणीतरी पहिली लाथ घालतो. सेट लाथांनी मोडताना पोरं हसतात, व्हिडिओ काढतात, पण त्यातली एखादी मुलगी बाजूला उभी असते, हाताला रंग लागलेला. मी तशी उभी राहिले आहे.

यात माझाही वाटा आहे, तो कबूल करते. एका स्पर्धेला मी परीक्षक होते. एका कॉलेजने पाण्याच्या टाकीसकट पूर्ण चौक उभा केला होता, आणि दुसऱ्याने जुन्याच लेव्हल्स उलट्यासुलट्या मांडून बोट, बस आणि बाळंतपणाची खाट केली होती. नेपथ्याचं पहिलं पारितोषिक मी चौकाला दिलं. मेहनत दिसत होती ना! दुसऱ्या सेटमध्ये डोकं होतं आणि मेहनत तेवढी दिसत नव्हती. आम्ही परीक्षक जोवर घनफुटांवर गुण देतो तोवर पोरं घनफूट वाढवत राहणार. गोदाम असतं तर निदान एक निकष सहज घालता आला असता: सेटचा किती भाग गोदामातून आला आणि त्याचं काय केलंत.

आता हरकतींकडे येते. “सगळी नाटकं सारखी दिसतील” ही पहिली. दिसणार नाहीत. सामायिक असतो तो सांगाडा: चौकटी, लेव्हल्स, पायऱ्या, टेकू, दाराची फ्रेम. कातडी प्रत्येक वेळी नवी. आमची एक सहा बाय चारची लेव्हल एका नाटकात नदीचा घाट होती, एकात शवागारातलं टेबल, आणि एका बालनाट्यात मगरीची पाठ. तिन्ही नाटकं पाहिलेला एकच माणूस होता ज्याने ती ओळखली, आणि तो ती बनवणारा सुतार होता. त्याने एका कोपऱ्यात स्वतःची खूण कोरली होती म्हणून.

प्रोजेक्टरवाल्यांचं उत्तर थोडक्यात देते. हल्ली म्हणतात, भिंती कशाला, मागे चित्र पाडा. पाडा. नट त्या चित्राच्या पुढे गेला की त्याच्या अंगावर अर्धं झाड येतं, आणि ज्या दिवशी केबल सैल होते त्या दिवशी जंगलात निळी पाटी झळकते. शिवाय चित्रातल्या दारावर थाप मारता येत नाही.

“आधी नाट्यगृहांची स्वच्छतागृहं नीट करा” ही हरकत मला पूर्ण मान्य आहे. दोन्ही करा.

खरी वजनदार हरकत वेगळी आहे, आणि ती माझ्या स्वतःच्या मनातली आहे. सरकारी गोदाम म्हणजे काय होणार ते आपल्याला माहीत आहे. कुलूप असेल, किल्ली रजेवर असेल. तीन प्रतींत अर्ज करायचा आणि खुर्ची मिळेल ती प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी. दोन वर्षांत निम्मं सामान वाळवी खाईल आणि उरलेलं कुणाच्या तरी वाढदिवसाच्या स्टेजला जाईल. हे होऊ शकतं. एका सरकारी जागेत मी एकदा आमचे फ्लॅट ‘तात्पुरते’ ठेवले होते. परत न्यायला गेले तर त्यांची पार्टिशन झाली होती आणि त्यामागे एक लिपिक बसला होता. फ्लॅटवर अजून आमच्या नाटकातलं आकाश होतं.

म्हणून जागा सरकारची आणि कारभार नाटकवाल्यांचा, असंच ते व्हायला हवं. हे आपल्याला जमतं. १८९८ साली सुरू झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय काय आहे? अनामत, वर्गणी, नोंदवही, पुस्तक फाटलं तर दंड. पुस्तकाच्या जागी दार ठेवा. न्यू यॉर्क शहराने १९७८पासून असं एक कोठार चालवलंय, शहराच्या सांस्कृतिक खात्यामार्फत. कंपन्यांनी, दुकानांनी, लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू तिथे जमा होतात आणि शाळा व ना-नफा कलासंस्था त्या फुकट नेतात. मुंबईत टाकून दिलेल्या वस्तूंची टंचाई आहे असं कुणी म्हणणार नाही. फिल्मसिटीत दर आठवड्याला सेट मोडतात. गणपतीनंतर मंडळांचे देखावे उतरतात, त्यातलं बांबू-कापड-प्लाय पुढच्या वर्षीपर्यंत ठेवायला मंडळांनाही जागा नसते. त्यांचाही प्रश्न याच गोदामात सुटू शकेल.

जागा कुठे, हे विचारणाऱ्यांपैकी काही जण पुलाखाली म्हणतात. माटुंग्याला पुलाखाली बाग झाली, मग गोदाम का नको? नको. लाकूड, कापड, ऑइलपेंट आणि टर्पेंटाईन वाहत्या पुलाखाली साठवायचं म्हणजे अग्निशमन दलाला आमंत्रण. तळमजला हवा, दार निदान दहा फूट रुंद, टेम्पो थेट तोंडाशी लागला पाहिजे, छत गळता कामा नये आणि पाण्याचा नळ हवा, कारण ब्रश धुवायला लागतात. पालिकेच्या मराठी शाळांचे वर्ग रिकामे पडत चाललेत, हे लिहितानाही बरं वाटत नाही, पण पडलेत. कुलूप लावून ठेवलेल्या वर्गापेक्षा त्यात करवतीचा आवाज आला तर मला चालेल. मात्र दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग नको. कपाट जिन्यावरून चढवणारी माणसं आता चाळिशी ओलांडलेली आहेत.

आणि तिथे पगारी माणूस हवा. एक सुतार, एक नोंदी ठेवणारा. मराठी नाटकात बॅकस्टेजचं काम प्रेमाने करायचं असतं, हा समज मोडायची वेळ आली आहे. कालिनाला विद्यापीठात नाटकाचं शिक्षण मिळतं, मुलं तिथे नेपथ्याचा आराखडा, मोजमाप, मॉडेल शिकतात. बाहेर आल्यावर त्यांना रंधा मारायला एक टेबल मिळत नाही. मग ती सिरियलच्या आर्ट डिपार्टमेंटला जातात आणि परत येत नाहीत. का यावं? मालिकांना आणि सिनेमांना नट, लेखक, दिग्दर्शक, कला-दिग्दर्शक छोट्या नाटकाने पुरवायचे आणि त्यांची शाळा मात्र पलंगाखाली भरवायची, असा हा व्यवहार आहे. करदात्याचा पैसा नाटकाला का द्यायचा असं विचारणाऱ्याने हा हिशेबही मांडावा.

रोख अनुदानाबद्दल माझी नाराजी एवढीच, की ते येतं उशिरा आणि जातं टेम्पोत. एका प्रयोगाचं जाणं-येणं, हमाली, वेटिंग धरून आमच्या शेवटच्या नाटकाला साडेचार हजार लागायचे; तिकिटं विकली जायची पन्नास. आमचं गिरणगावातलं नाटक चौदा प्रयोगांवर थांबलं. लोक येत होते. डबे, मोरी, मांडणी, स्टोव्ह हे सगळं महिन्यातून एकदा खाली उतरवून पुन्हा वर चढवायला कुणी तयार नव्हतं. स्टोव्ह मी परत केला. मांडणी एका नटाच्या आईने स्वयंपाकघरात लावली, तिच्यावर आता डबे आहेत, सगळे.

दार उरलंय. खरं आहे, चाळीतलं, सागवानी; आमच्या टेम्पोसाठी खालून कापून सव्वासहा फूट केलेलं, डावीकडे उघडणारं, एक बिजागरी जुनी आणि दोन नव्या. आतल्या बाजूला कडी, बाहेरच्या बाजूला कुणीतरी खडूने केलेल्या दुधाच्या हिशेबाच्या रेघा. त्या आम्ही पुसल्या नाहीत. लालबागच्या मित्राने दुकान विकलं, महिनाअखेरीस पोटमाळा रिकामा करायचाय. माझ्या घरात ते मावत नाही. मी मोजून पाहिलं, दोनदा. कुणाच्या नाटकात दार असेल तर तीस तारखेच्या आत येऊन न्यावं. टेम्पो तुमचा.